स्प्रिंगा कडक करण्याआधी चाकांचे कोन पाहा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या) पुन्हा रस्त्यावर आणण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. इंजिन आणि रंगकाम यांविषयी तो नेटका आहे. सस्पेन्शनचा (चाके सांगाड्याशी जोडणाऱ्या स्प्रिंगा, आर्म आणि शॉक यांचा) विषय मात्र कडक स्प्रिंगा, जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे आवरणारा दांडा) आणि दोन इंच खाली आणलेली गाडी एवढ्यावरच उरकला आहे. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो जसाच्या तसा अमलात आणल्यास चांगली गाडी बिघडते, म्हणून हे पत्र.

या गाड्यांचे सस्पेन्शन मुळात मसल कारसाठी आखलेलेच नव्हते. 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओमध्ये 389 घन इंचांचे इंजिन होते, पण खालचा सांगाडा पॉन्टिॲकच्याच मध्यम आकाराच्या घरगुती टेम्पेस्ट गाडीचा होता. त्याच वर्षी आलेली फोर्ड मस्टँग फोर्डच्याच साध्या फाल्कन गाडीवर बेतलेली होती. टायर बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेले, जुन्या पद्धतीचे) होते आणि कारखान्याने ठरवून दिलेले चाकांचे कोनही त्याच टायरना धरून होते. आज त्याच गाडीला रुंद रेडियल (आजच्या पद्धतीचे, आतले धागे आडवे असलेले) टायर चढवून ते जुने आकडे तसेच ठेवले, तर नवा टायर आपली पकड पूर्ण वापरूच शकत नाही.

खरी गोम पुढच्या चाकांत आहे. वेगाने वळण घेताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्या बाजूचे सस्पेन्शन दबते, आणि या गाड्यांमध्ये त्या चाकाचा माथा आत येण्याऐवजी बाहेर झुकतो. सगळा भार ज्या टायरवर आला आहे तो नेमका आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. अशा गाडीचा टायर उतरवून पाहिला तर बाहेरचा खांदा गुळगुळीत झालेला आणि आतली नक्षी जवळजवळ नव्यासारखी दिसते. यावरचा मस्टँगचा उपाय जुना आहे. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी मांडलेल्या आखणीनुसार गाड्यांचे निर्माते कॅरोल शेल्बी यांच्या 1965 च्या जीटी 350 या मस्टँगमध्ये वरच्या कंट्रोल आर्मची (चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या हलत्या दांड्याची) बैठक सुमारे एक इंच खाली घेतली गेली. प्रत्येक बाजूला दोन नवी भोके, एवढाच हा बदल. तरी सस्पेन्शन दबताना चाकाचा माथा आत झुकू लागतो. 1966 च्या बहुतेक गाड्यांमधून ही तजवीज खर्चापायी काढून टाकली गेली, हे मला आजही खटकते. पहिल्या पिढीच्या शेव्हरले कॅमॅरोमध्ये हाच परिणाम उंच बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधला गोल सांधा) बसवून साधता येतो आणि त्यासाठी मूळ सांगाड्याला हात लावावा लागत नाही.

आता कडकपणाचे गणित. अँटी-रोल बारची ताकद त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे एक इंचाच्या जागी सव्वा इंचाचा भरीव बार बसवला की ती सुमारे अडीच पट होते. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली आणणारे विसरतात की उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि तिला दबायला जागाही कमी उरते, त्यामुळे पहिल्याच खड्ड्यात आर्म रबरी बम्प स्टॉपवर आदळतो. शिवाय स्प्रिंग खालच्या आर्मच्या मध्याजवळ बसत असेल, तर एक इंच दबायला 600 पौंड लागणारी स्प्रिंग चाकापाशी जेमतेम 150 पौंडांची ठरते. नुसता स्प्रिंगवरचा आकडा पाहून खरेदी करू नये, ती यासाठी. आणि नव्या स्प्रिंगसोबत जुनेच शॉक ॲबसॉर्बर ठेवले, तर गाडी कडक आणि उसळती अशी दोन्ही होते.

मागच्या बाजूचे दुखणे वेगळे आहे. 1967 च्या कॅमॅरोला मागे एकाच पानाचे पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) होते. जोरात निघताना ॲक्सल (मागची चाके जोडणारा आस) पीळ खाऊन चाके रस्त्यावर आपटत, म्हणून 1968 मध्ये एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवण्यात आला. अशा गाडीत पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालून उंची कमी केली की तो पीळ वाढतो आणि प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून थरथर सुरू होते. शेव्हरलेच्या शेव्हेलसारख्या चार आर्मच्या रचनेत तर सगळीकडे पॉलियुरेथेनची (रबरापेक्षा कडक प्लास्टिकची) बुश (सांध्यातले अस्तर) बसवणे हा उलटा उद्योग आहे, कारण तिथले आर्म तिरके असल्याने रबराने थोडे लवणे हा त्या रचनेचाच भाग आहे. ते थांबले की ॲक्सल अडकत चालतो.

मागे कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेला संच) बसवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावीच. शॉकचा मूळ टेकू फक्त उसळी आवरण्यापुरता असतो, गाडीचे वजन पेलण्यासाठी नसतो. त्याला मजबुती दिल्याशिवाय त्यावर स्प्रिंग टांगणे धोक्याचे आहे. मस्टँग आणि कॅमॅरो यांना पूर्ण चासी नसल्याने पुढच्या-मागच्या सबफ्रेम (सांगाड्याचे सुटे भाग) जोडणाऱ्या पट्ट्या वेल्ड करणे हे स्प्रिंगांच्याही आधीचे काम मानावे. क्रायस्लरच्या गाड्यांत टॉर्शन बारचा (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याचा) बोल्ट फिरवून पुढची उंची कमी करता येते, म्हणून ती करावीच असे नाही.

माझ्या मते क्रम असा असावा: प्रथम फुटलेली बुश, ढिले बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे सांधे बदलावेत, मग चांगले शॉक आणि टायर घ्यावेत, आणि नंतर नवे अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करावे. पूर्वी शून्याच्या आसपास असणारा कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) पॉवर स्टिअरिंग असल्यास तीन ते पाच अंश धन, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव) साधारण अर्धा अंश ऋण, म्हणजे माथा आत, आणि टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळण्याचे प्रमाण) एक अष्टमांश इंचाच्या आत, असे आकडे रेडियल टायरच्या रोजच्या वापराला चालतात. एवढे झाल्यावर गाडी चालवून पाहावी आणि मगच स्प्रिंग व बारचा विचार करावा. अनेकांना त्याची गरजही भासणार नाही. काढलेले मूळ भाग मात्र भंगारात देऊ नयेत.

लेखमालेच्या पुढील भागात लेखकाने पुढच्या सस्पेन्शनची आकृती द्यावी आणि गाडी खाली आणल्यावर आर्मचे कोन कसे बदलतात ते तीत दाखवावे, ही विनंती.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक