अलार्म मीच बंद केला होता

फकारावा, तुआमोतू द्वीपसमूह, दक्षिण पॅसिफिक
पहाटेचे साडेचार

प्रिय नंद्या,

नुकू हिवा बेटावर तू बॅग खांद्यावर टाकून डिंगीतून उतरलास, त्याला अडीच महिने होऊन गेले. त्यानंतर तुझे दोन मेसेज आले. दोन्ही वाचले, पण उत्तर दिलं नाही. रेंज नव्हती वगैरे सांगत नाही, रोटोआवा गावासमोर असलो की रेंज असते. मला लिहायचं नव्हतं, एवढंच. आज लिहितोय, कारण परवा रात्री इथे जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

तब्येती बऱ्या आहेत. हिच्या पायाला कोरल लागून जखम झाली होती, ती भरली. माझी पाठ जशी होती तशी.

आम्ही पूर्वेकडच्या एका मोटूच्या, म्हणजे प्रवाळाच्या बेटुकल्याच्या, आडोशाला नांगर टाकून होतो. पाणी 9 मीटर, चेन 45 मीटर सोडलेली. चेन कोरलच्या खडकांत अडकू नये म्हणून मोत्यांच्या शेतीतले, किनाऱ्याला वाहत आलेले फ्लोट इथे सगळेच चेनला बांधतात. मी दोन बांधले. तू असतास तर तिसऱ्यासाठी अडून बसला असतास, आणि त्यावरून आपलं वाजलं असतं. पाच दिवस आग्नेयेचा वारा, मोटूवरचे माड आणि पुढ्यात रीफच्या आतलं लगूनचं सपाट पाणी. रोजचं ठरलेलं चाललं होतं: सकाळी ऊन चढलं की बॅटरी भरायची, दुपारी वॉटरमेकर चालवायचा, टाकी भरेपर्यंत मी इंजिनाखालची गळती पुसायची. समुद्राच्या एका लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असतं, ते पडद्यातून गाळून काढायला पंपाला किती जोर लागतो हे त्याच्या आवाजावरूनच कळतं. तू त्याला ‘म्हातारा’ म्हणायचास. म्हातारा अजून खोकतो.

तर रात्रीची गोष्ट. तुला ते नांगराच्या अलार्मचं ॲप माहीत आहे. नांगर पडला की त्याच क्षणी तिथली जागा नोंदवायची, तिथून वर्तुळ आखायचं आणि बोट वर्तुळाबाहेर गेली की अलार्म वाजतो. मी नांगर टाकताना जागा नोंदवायला विसरलो, आणि चेन सोडून झाल्यावर बोट होती तिथून वर्तुळ आखलं. मग साहजिकच वारा जरा फिरला की अलार्म बोंबलायचा. दोन रात्री ही दचकून उठली. तिसऱ्या रात्री ती झोपल्यावर मी अलार्म बंद केला. दहा मिनिटांचं काम होतं, जागा दुरुस्त करून नवं वर्तुळ आखायचं. उद्या करू म्हटलं.

दोनच्या सुमारास पावसाची सर आली आणि वारा एकदम पश्चिमेला गेला. म्हणजे इतके दिवस ज्या मोटूच्या आडोशाला होतो, तोच आता बोटीच्या पाठीशी, वाऱ्याच्या खाली. सगळ्या लगूनची लाट आमच्यावर. मला जाग आली ती बंदुकीच्या बारासारख्या आवाजाने. चेनचा हिसका झेलणारा नायलॉनचा दोर तुटला होता. वर आलो तर डेप्थ साउंडरवर पाणी फक्त 3 मीटर. आपली बोट पाण्याखाली 1.9 मीटर आहे हे तुला सांगायला नको.

हिने पुढे जाऊन चेन ओढायचा विंडलास धरला. चेन एका खडकाला वेढा घालून बसली होती. मी इंजिनवर पुढे घेतो, ती ओरडते ‘डावीकडे, डावीकडे’, पाऊस इतका की तिचा हात दिसत नाही. तिसऱ्या खेपेला वेढा सुटला. अंधारात कोरलमध्ये कुठे जाणार? पण आलो त्या दिवसाची वाट प्लॉटरच्या नकाशावर उमटलेली होती. डोक्यावर ऊन असताना हिने डोलकाठीपाशी उभं राहून, पाण्याचे रंग बघत आणलेली वाट. त्या रेघेवरूनच परत खोल पाण्यात गेलो आणि उजाडेपर्यंत तिच्यावरच मागेपुढे करत राहिलो. सकाळी पुन्हा नांगर टाकला. या वेळी फ्लोट तीन.

बोट शाबूत आहे. मला जे खातंय ते पुढचं.

ही सगळ्यांना सांगते आहे की मी उठलो म्हणून आम्ही वाचलो. सकाळी व्हीएचएफ रेडिओवर शेजारच्या बोटीला सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या कॉकपिटमध्ये बसून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, झोपेतसुद्धा याचा एक कान नांगराकडे असतो. आणि मी तिथे बसून होतो, नंद्या. मान हलवली मी.

आता तुला कळलं असेल मी तुलाच का लिहितोय.

गॅलापागोसहून निघाल्याची एकोणिसावी रात्र, जागायची पाळी तुझी. पहाटे तीनला मी वर आलो, तू मान टाकून झोपलेला, आणि ती मासेमारी बोट आपल्या इतक्या जवळून गेली की तिच्या डेकवरचे दिवे मोजता आले. आपली जागा इतर बोटींना कळवणारं तिचं एआयएस बंद होतं, प्लॉटरवर काही दिसणारच नव्हतं. पण क्षितिजावर दिवा दिसल्यापासून अंगावर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणूनच आपण दर पंधरा मिनिटांचा गजर ठेवला होता, आणि तो तू बंद केला होतास. त्याच्या आदल्याच रात्री उडता मासा तुझ्या जॅकेटात शिरला होता आणि आपण तिघं पोट धरून हसलो होतो. त्यानंतर मात्र बोटीवर कुणी हसलं नाही. मी हिच्यासमोर तुला म्हणालो, ‘माझी झोप तुझ्या हवाली होती.’ आणखी बरंच बोललो. नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवर एकटे जगाला फेरी मारून आले, तुला तीन तास जागता येत नाही, हेही. ते वाक्य मला आता आठवलं की गप्प बसवत नाही. एकटा माणूस झोपेचे तुकडे करून निभावतो, हे तूच मला आधी समजावलं होतंस. आणि तू त्या दिवशी तापात पाळी केलीस, असं हिने मला नुकू हिवा सोडल्यावर सांगितलं. तेव्हाही मी लिहिलं नाही.

तू थकून झोपलास. मी जागेपणी, विचार करून, बटण दाबलं. माफ कर म्हणणं फार थोडं आहे, पण ते म्हणतो.

तुटलेला दोर मी ठेवला आहे. नायलॉन ताणून ताणून इतका तापला की टोकाचे धागे वितळून एकमेकांना चिकटलेत, बोट फिरवलं तर काचेसारखे लागतात. नवा दोर काल केला. तीन पेडांचा, तू शिकवलास तसाच टोकाला डोळा विणला, पाच घाले घेऊन, म्हणजे पेड पाचदा दोरात गुंफून. चौथ्या घाल्याला माझे पेड नेहमीसारखे उलटे गेले, उसवून पुन्हा केले.

आज दुपारी पाणी स्थिरावलं की रीफमधल्या दक्षिणेच्या खिंडीतून बाहेर पडायचं. लाटा रीफवरून आत पडत असल्या की तिथून पाणी बाहेरच धावत राहतं, म्हणून वेळ पाहूनच. मग ताहिती, अडीचशे मैल, दोन रात्री. पहिली पाळी माझी. म्हणजे अंधार पडला की ही खाली जाईल आणि निर्धास्त झोपेल, माझ्या भरवशावर. ती खाली जायच्या आधी तिला सांगायला हवं. काल दोनदा तोंड उघडलं. एकदा ती हसत होती, एकदा दमली होती.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मुलीचं ॲडमिशन झालं हे हिच्याकडून कळलं, फार बरं वाटलं. नव्या घराचे फोटो पाठव, गच्ची आहे म्हणालास ना?

ही उठली. फूटपंपाचा आवाज येतोय, कॉफीचं पाणी भरतेय. जातो. आत्ताच सांगतो.

तुझा,
मी

ता.क. तुझा हेडलॅम्प चार्टटेबलच्या खणात राहिला आहे. त्या रात्री अंधारात हाताला पहिला तोच लागला. ताहितीहून पोस्टाने पाठवू, की तू येऊन घेऊन जाशील?