साउंडचेकची वेळ कापू नका

संपादक महोदय,

कार्यक्रम उशिरा सुरू झाला, गाण्याचे शब्द कळले नाहीत, मध्येच कानठळ्या बसवणारी शिटी वाजली, अशा तक्रारी श्रोते करतात आणि दोष वादकांच्या माथी बसतो. बहुतेक वेळा घोळ दुपारीच झालेला असतो. रस्त्यात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी आयोजक साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, उरकायला सांगतात.

चार जणांच्या बँडला मंचावर पोहोचल्यापासून किमान दोन तास लागतात. सामान उतरवायला अर्धा तास, जोडणीला पाऊण तास आणि उरलेला वेळ आवाज बसवायला. व्हॅनमध्ये जड ॲम्प (वाद्यांचा आवाज वाढवणारी यंत्रे) तळाशी, पुढच्या भिंतीला टेकून बसवतात. ड्रम शेवटी चढवतात, म्हणजे ते आधी निघतात. जोडायला सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागतो. तापलेल्या गाडीतून थंड सभागृहात आलेली गिटार लगेच सुरात लावण्यात अर्थ नसतो. तारा आणि लाकूड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सूर सरकत राहतो. पुढे मंचावरच्या दिव्यांनी तारा तापल्या की तो पुन्हा उतरतो.

खरी कळकळीची विनंती विजेबद्दल आहे. मंचावरचे ॲम्प एका ठिकाणाहून आणि मिक्सर (सगळे आवाज एकत्र करणारे यंत्र) दुसऱ्या ठिकाणाहून वीज घेत असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमधून वळसा तयार होतो आणि स्पीकरमधून सतत घुंघुं ऐकू येते. उपाय साधा आहे: मंच आणि मिक्सर यांना एकाच ठिकाणाहून, चांगल्या अर्थिंगची वीज द्यावी. तरीही आवाज राहिला तर डीआय बॉक्सवरचे (वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी छोटी पेटी) ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. त्याने फक्त सिग्नलच्या केबलचे ग्राउंड तुटते, विजेचे अर्थिंग शाबूत राहते. घुंघुं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढण्याचा उद्योग मात्र कुणीही, कधीही करू नये. गिटारवादकाची बोटे तारांवर आणि ओठ मायक्रोफोनवर असतात. दोन्हींत विजेचा फरक असला तर प्रवाह त्याच्या अंगातून जातो. १९७२ मध्ये स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला.

आवाज बसवण्याचा क्रमही ठरलेला असतो. किक ड्रम, स्नेअर, बाकीचे ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड आणि शेवटी गायक. एवढ्या बँडला मिक्सरवर सुमारे १२ चॅनेल, म्हणजे प्रत्येक माइक किंवा वाद्यासाठी स्वतंत्र जोडण्या, लागतात. एकेक चॅनेल तपासले नाही, तर तुटकी केबल पहिल्या गाण्यातच सापडते. कंडेन्सर माइकची (हा बाहेरून मिळणाऱ्या विजेवर चालतो) ४८ व्होल्टची वीज चालू-बंद करताना चॅनेल बंद ठेवावे, नाहीतर स्पीकर धाडकन दणकतात. शिटीचे कारण बहुधा मॉनिटरची, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरची, जागा असते: कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर नेमका त्याच्या पाठीमागे हवा. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हा फायदाही जातो.

रिकाम्या सभागृहात आवाज थोडा बोचरा वाटला तरी आयोजकांनी घाबरू नये. लोक भरले की त्यांचे कपडे आणि अंग वरचे टोकदार सूर शोषून घेतात.

एका संध्याकाळी दोन बँड असतील तर शेवटी वाजवणाऱ्याचा साउंडचेक आधी घ्यावा आणि पहिल्याचा नंतर, म्हणजे पहिल्याची मांडणी मंचावर तशीच राहते. बँडने मंचाचा आराखडा आणि चॅनेलची यादी एका पानावर आधीच पाठवावी. आयोजकांनी ती ध्वनितंत्रज्ञापर्यंत पोहोचवावी. कित्येकदा ती ईमेलमध्येच पडून राहते.

आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच दिवे मालवू नयेत. केबल कोपराभोवती आवळून गुंडाळली की आतली तार पिळली जाते, म्हणून ती एक वेढा सरळ, एक उलट अशी गुंडाळावी लागते. अंधारात हे होत नाही. ॲडॅप्टर, स्टँड आणि ड्रमखालची सतरंजी मागे राहते. मंच रिकामा करायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ दिवे चालू राहावेत.

आपले,
दौऱ्यावरच्या एका छोट्या बँडचे वादक