डेंग्यूच्या नकाशात मजला कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की आमच्या ताराबाई पार्कात धुराची गाडी येते, रस्त्यावरनं घुर्र करत जाते, आम्ही चौथ्या मजल्यावर खिडक्या लावून घेतो, झाली फवारणी. गेल्या वर्षी आमच्या सात मजली बिल्डिंगमध्ये महिन्याभरात सहा जणांना डेंग्यू झाला. सर्वेवाल्यांनी वहीत बिल्डिंगचं नाव आणि पेशंट सहा एवढंच लिहिलं. म्हणजे नकाशावर एकाच जागी सहा ठिपके एकावर एक, त्यातनं काय डोंबल कळणार?

मग मी आणि शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा बसलो, चौकटीच्या वहीतल्या कागदावर बिल्डिंग उभी काढली, सात मजले, दोन विंग, आणि कोण कधी आजारी पडलं ते तारखेसकट मांडलं. सहापैकी पाच जण बी विंगच्या सहाव्या-सातव्या मजल्यावरचे निघाले! टेरेसवर जाऊन बघतोय तर कनेक्शन तोडलेली जुनी टाकी, झाकण फुटलेलं, आत पावसाचं पाणी आणि अळ्या वळवळतायत. खालच्या कुंड्या, फ्रिजचे ट्रे सगळं तपासून झालंवतं, वर कोण गेलंच नव्हतं. धुरानं उडणारे डास मरतात ओ, पाण्यातल्या अळ्यांना काय होत नाही, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आता टाकीमुळंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, हा डास दिवसा चावतो आणि पाचातली दोन पोरं दिवसभर शाळेत असतात, पण निदान कुठं बघायचं ते तरी कळलं की.

हेच काम कॉम्प्युटरवर केलं की त्याला थ्रीडी मॅपिंग म्हणतात. साध्या नकाशात जागा आडवी कळते, यात उंचीपण धरतात, शिवाय ड्रेनेजचे पाईप, डक्ट, टाक्या हे सगळं बिल्डिंगच्या आत दाखवता येतं. 1854 ला लंडनमध्ये कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं मेलेल्यांची घरं नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडं बोट दाखवलं, ते आडव्या नकाशावर भागलं. आपल्या पेठांत वाडे होते तोवर आपलंपण भागलं असतं. आता जिकडं बघंल तिकडं टॉवर उठायलेत.

2003 ला हाँगकाँगमध्ये अमॉय गार्डन्स नावाच्या उंच बिल्डिंगांच्या वसाहतीत सार्स नावाचा फुप्फुसाचा साथीचा आजार पसरला, तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, 42 गेले. सगळ्यात जास्त पेशंट ई ब्लॉकमध्ये, आणि तिथंपण सुरुवातीचे बरेचसे एकाखाली एक असलेल्या फ्लॅटमधले, म्हणजे उभ्या रांगेत. आपले प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात ना, बाथरूमच्या जाळीखाली पाणी साठून राहतं ते, कितीतरी घरांत ते पाणीच वाळलेलं होतं. ते पाणी असतं म्हणून ड्रेनेजची हवा घरात येत नाही. बाथरूम पुसून घ्यायची सवय असली की जाळीत पाणी जातच नाही, वर एक्झॉस्ट फॅन लावला की तो पाईपमधली घाण हवा आत ओढतो आणि बाहेर डक्टमध्ये सोडतो, तिथनं ती वर चढते. तपासणाऱ्यांनी असाच निष्कर्ष काढला. फक्त बिल्डिंगचं नाव लिहून हे कधी सापडलं असतं का? (ते वाचल्यापासनं आमच्या गेस्ट बाथरूमच्या जाळीत मी दर रविवारी तांब्याभर पाणी ओततो, घरातली हसतात.)

माझं म्हणणं एवढंच की महापालिकेनं लगेच लाखाचं सॉफ्टवेअर घेऊ नये, सर्वेच्या फॉर्मात तीन रकाने वाढवावेत, मजला, विंग आणि ताप आलेली तारीख. मॉडेल काय, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं प्रोजेक्ट म्हणून करतील, बिल्डिंगचे मंजूर प्लॅन महापालिकेकडं असतातच. फक्त पेशंटचं नाव आणि फ्लॅट नंबर बाहेर फुटता कामा नये, आमच्याकडं त्या सहा घरांच्या कामवाल्या बायकांना आठवडाभर बाकीच्यांनी दारात उभं केलं नव्हतं, डेंग्यू काय शिंकून पसरतो होय?

आमचा कागद नावं खोडून जपून ठेवलाय. आरोग्य विभागातल्या कुणाला बघायचा असला तर संध्याकाळी सहानंतर या, लिफ्ट बंद आहे, चौथ्या मजल्यापर्यंत चालत यावं लागंल.

आपला,
एक नियमित वाचक
ताराबाई पार्क, कोल्हापूर