तक्रार: अर्थची वायर न तपासता बदललेला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर)

दिनांक: 8 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(ट्रक उत्पादक कंपनी)

विषय: बीएस-4 दहा चाकी ट्रकचा ईसीएम विनाकारण बदलल्याबाबत, जुना ईसीएम व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची 2017 ची दहा चाकी गाडी आहे. गाडी एकच आहे आणि चालवतो मीच. लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून वाशी मार्केटला नेणे, येताना मिळेल तो माल आणणे, यावर आमचे घर चालते. आपल्या नाशिकजवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने या गाडीचा ईसीएम बदलला. तो बदलण्याची गरज होती असे मला आता वाटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

3 मे रोजी उन्हाळ कांदा भरून निघालो होतो. घोटीच्या पुढे चालती गाडी बंद पडली. अर्ध्या तासाने चालू झाली, चार किलोमीटरवर पुन्हा बंद. सेल्फ फिरत होता, डिझेल येत होते, पण इंजिन उचलत नव्हते. माल दुसऱ्या गाडीत भरून दिला आणि टोचन लावून (दुसऱ्या गाडीने ओढून) गाडी आपल्या सर्व्हिस सेंटरला आणली. टोचनाचे 8,500 रुपये गेले. तिथे लॅपटॉप लावला, तर ईसीएमशी संपर्कच होईना. सुपरवायझर म्हणाले, ‘कॉम्प्युटर गेला, नवीन टाकावा लागेल.’ लॅपटॉप लावण्यापासून हे सांगेपर्यंत वीस मिनिटेही गेली नसतील. मी समोरच उभा होतो. कोणी मल्टीमीटर हातात घेतला नाही.

पार्ट यायला 19 दिवस लागले. 22 मे रोजी नवीन ईसीएम बसला. पार्टचे 74,500 आणि प्रोग्रॅमिंग व मजुरीचे 6,200, असे 80,700 रुपये मी भरले. त्यातले पन्नास हजार सोसायटीतून उचललेले आहेत.

गाडी घेऊन निघालो तर न्यूट्रलला इंजिन थडथडत होते आणि रेस दिली की काळा धूर. परत गेलो. दोन दिवसांनी कळले की सहाही इंजेक्टरचे कोड नवीन ईसीएममध्ये टाकलेच नव्हते. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा कोड छापलेला असतो. कोणत्या इंजेक्टरला किती डिझेल सोडायचे, हे ईसीएम त्यावरून ठरवतो. ईसीएम बदलल्यावर हे कोड भरायचेच असतात. एवढी साधी गोष्ट राहून जाते, तेव्हा बाकीचे काम कसे झाले असेल ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

18 जून हा दिवस मी विसरणार नाही. गाडीत 18 टन कांदा, वरून पाऊस, मी कसारा घाट उतरत होतो. नवीन ईसीएम बसून 27 दिवस झाले होते. एका वळणावर आरपीएमचा काटा शून्यावर बसला, ॲक्सिलरेटर मेला आणि एक्झॉस्ट ब्रेक सुटला. गाडी गिअरमध्ये होती म्हणून चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहिले. क्लच दाबला असता तर इंजिन तिथेच थांबले असते, स्टिअरिंग दगडासारखे झाले असते आणि हवेचा कॉम्प्रेसरही बंद पडला असता. क्लचला पाय न लावता, टाकीत होती तेवढ्या हवेवर ब्रेक दाबून मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. पुढे कॉलेजच्या पोरांची बस होती. क्लीनर खाली उतरला तेव्हा त्याचे पाय कापत होते. मी बावीस वर्षे स्टिअरिंगवर आहे, माझेही कापत होते.

गाडी खोळंबली आणि ताडपत्रीखाली कांदा एक दिवस आणि एक रात्र तापला. वाशीला पोहोचेपर्यंत खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटले होते. भाडे 27,000 ठरले होते. व्यापाऱ्याने नुकसान कापून 9,000 हातावर ठेवले. त्याचाही माल गेला, म्हणून मी काही बोलू शकलो नाही.

21 जूनला सर्व्हिस सेंटरचे उत्तर व्हॉट्सॲपवर आले: दुसरा ईसीएमही गेला आहे, इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नाही, गाडीवर वेल्डिंग केल्यामुळे ईसीएम जळतात. सोबत पुन्हा 74,500 चे कोटेशन. माझ्या गाडीच्या डाल्याचे (माल भरायच्या बॉडीचे) वेल्डिंग 2023 मध्ये झाले. तेव्हा बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचे सॉकेट काढून ठेवले होते, कारण हे करावे लागते हे मला माहीत आहे. बॉडीवाल्याचे बिल सोबत जोडले आहे. 2023 च्या वेल्डिंगने जून 2025 मध्ये, तोही नवा कोरा ईसीएम कसा जळेल, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

पुन्हा 74,500 आणायचे कुठून? मी गाडी पिंपळगावच्या एका जुन्या वायरमनकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितले, हेडलाइट लावले, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ईसीएमच्या अर्थ वायरच्या (बॅटरीच्या मायनसशी जोडणाऱ्या वायरच्या) लगला, म्हणजे टोकाच्या कडीला लावली. मीटरवर 2.6 व्होल्ट आले. तो म्हणाला, ‘भाऊ, इथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्त झाला. कॉम्प्युटरला अर्थच मिळंना, तो बिचारा काय करंल?’

मग तो बॅटरीच्या पेटीखाली शिरला. अर्थ ज्या बोल्टवर चॅसिसला येतो त्या बोल्टवर बॅटरीचे ॲसिडचे पाणी ठिबकून हिरवट-पांढरा थर चढला होता, बोटाने दाबला तर चुरा पडत होता. बोल्ट काढला तर खालचे लग अर्धे खाल्लेले. गाडी तापली, लोड वाढला की तिथला संपर्क सुटायचा, ईसीएम बंद व्हायचा. थंड झाली की पुन्हा चालू. त्याने चॅसिसचा पत्रा घासून चकचकीत केला, नवीन लग मारून बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. मीटर पुन्हा लावला: 0.05 व्होल्ट. मजुरीसकट 650 रुपये झाले.

ती 24 जूनची गोष्ट. आज अडीच महिने झाले. ज्याला आपल्या लोकांनी ‘गेला’ म्हटले, त्याच ईसीएमवर गाडी 9,000 किलोमीटर चालली आहे, घाटासकट, भर पावसात. एकदाही बंद पडलेली नाही.

दुसरा ईसीएम चांगला होता, तर पहिला खराब होता कशावरून? हे तपासायला जुना ईसीएम मागितला, तर ‘स्क्रॅपमध्ये गेला’ असे सांगण्यात आले. जॉब कार्डवर ‘जुने पार्ट परत हवेत का’ या चौकटीत ‘नाही’वर खूण आहे. ती मी केलेली नाही, मला कोणी विचारलेही नाही. पार्ट माझ्या गाडीचा, माझ्या मालकीचा.

महोदय, ईसीएम बदलण्याआधी त्याला येणारा प्लस आणि अर्थ तपासायचा, हे आयटीआयच्या पोरालाही शिकवतात. जॉब कार्डवर त्या तपासणीची एक ओळही नाही. आम्ही बाहेरच्या वायरमनकडे आधी जात नाही, कारण चेसिस नंबरवरून ईसीएममध्ये डेटा टाकणे फक्त आपल्या लॅपटॉपवर होते. आम्ही आपल्यावर विसंबतो तो नाइलाजाने. त्या वायरमनकडे माझ्या गाडीचा वायरिंग डायग्रामही नव्हता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. दहा-बारा वर्षे चालणाऱ्या गाड्यांचे डायग्राम त्यावर मिळाले, तर आमच्यासारख्यांचे हजारो रुपये वाचतील.

माझी मागणी अशी: पहिला ईसीएम शोधून माझ्या समोर टेस्ट बेंचवर तपासावा. तो चांगला निघाला, किंवा सापडलाच नाही, तर 80,700 रुपये परत करावेत. टोचन आणि कापलेले भाडे मिळून 26,500 रुपये भरून द्यावेत. आणि सर्व्हिस सेंटरला लेखी सूचना द्यावी की अर्थचे व्होल्टेज मोजून जॉब कार्डवर लिहिल्याशिवाय कोणाचाही ईसीएम बदलू नये. पैशांइतकीच ही शेवटची मागणी मला महत्त्वाची आहे, कारण त्या दिवशी घाटात माझ्या पुढे ती बस होती.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. गाडी धंद्याची आहे म्हणून मी ग्राहक नाही, असे सर्व्हिस मॅनेजर फोनवर म्हणाले. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू विकत घेऊन वापरणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकच आहे, हे त्यांना कृपया कळवावे.

सोबत बिल, जॉब कार्ड, व्हॉट्सॲपवरचे कोटेशन, डाल्याच्या कामाचे बिल, वायरमनची पावती आणि दोन्ही वेळच्या मीटरचे फोटो जोडले आहेत. खाल्लेले लग आणि तो बोल्ट मी डब्यात जपून ठेवला आहे. आपला माणूस आला तर दाखवीन. सोमवारी आणि गुरुवारी गाडी घरी असते.

आपला,
गाडीमालक व चालक
ता. निफाड, जि. नाशिक