त्या लाकडी चेहऱ्यांबद्दल

सॅन डिएगो,
रविवार सकाळ

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

पार्सल मिळालं. कोकमं, कुळथाची पिठी, सगळं नीट पोचलं. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते बाबा, तुम्हीच सविस्तर कळवा. तिला विचारलं की "बरा आसा" यापलीकडे ती काही सांगत नाही.

पत्र लिहायला बसले ते मात्र वेगळ्या कारणाने. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे भिंतीला टेकवलेली, पॅसिफिक बेटांवरच्या जुन्या देवमूर्तींच्या ठेवणीवर मी कोरलेली ती लाकडी तोंडं दिसली आणि आई, तू बोलता बोलता थांबलीस. मग म्हणालीस, "देवाचो खेळ करू नये गो." तुझं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे आणि मी स्वतः त्यावर पुष्कळ विचार केला आहे. दोन वाक्यांत उरकायची गोष्ट नव्हती, म्हणून फोनवर गप्प राहिले.

आधी लाकडाचं सांगते, कारण बाबांना तेच ऐकायचं असणार.

इथल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पानांचे उंच ताड असतात. मेक्सिकन फॅन पाम म्हणतात. शेजारच्या बाहा कॅलिफोर्नियातलं हे झाड, शंभर फुटांपर्यंत सरळ वर जातं. विजेच्या तारांत आलं, घर वाढवायचं झालं, की तोडतात. तोडणाऱ्याला ही खोडं कचरा डेपोवर टाकायला पैसे मोजावे लागतात, त्यामुळे कुणी मागितली तर तो खुशीने गाडीतून उतरवून देतो. माझी सगळी खोडं अशीच आलेली आहेत. चांगलं उभं झाड यासाठी मी कधी पाडायला लावलेलं नाही.

हे झाड आपल्या माडाच्याच कुळातलं, त्यामुळे बाबा, तुम्हाला त्याचं खोड वेगळं समजावून सांगायला नको. वलयं नाहीत, गाठी नाहीत, नुसते उभे तंतू. बाहेरचा भाग घट्ट, आत जावं तसं भुसभुशीत. माडाचा साकव वरून खणखणीत दिसतो आणि आतून पोकळ होत जातो, तोच प्रकार. कोरणाऱ्याला याचं भान सतत ठेवावं लागतं. तोंड फार खोल घेतलं की पटाशी त्या मऊ गाभ्यात जाते आणि कडा धरत नाहीत. लाकूड ओलं असतानाच काम करायचं. ओल्याला आंबूस वास येतो आणि वजन इतकं की कमरेएवढा ओंडका हलवायला दोन माणसं लागतात. पण वाळल्यावर तंतू इतके कडक होतात की धार टिकत नाही.

आणखी एक जात इथे आहे, कॅनरी बेटांवरचा खजूर. जाड बुंधा, वर मोठा गोल झुपका. ती झाडं सध्या भराभर मरताहेत, आणि कशाने, तर सोंड्या भुंग्याने! आपल्या वाडीतल्या भुंग्याचा हा दक्षिण अमेरिकेतला सख्खा भाऊबंद. मेक्सिकोच्या बाजूने आला, २०११ साली सीमेलगतच्या सॅन इसिड्रोत पहिल्यांदा सापडला. वागणं तेच: मादी सोंडेने भोक पाडून अंडी घालते, अळ्या शेंड्याचा कोंब खातात, बाहेरून काही कळत नाही आणि एक दिवस सगळा झुपका एका बाजूला कलतो. इथेही भुंग्यांना वासाने ओढणारे बादलीचे कामगंध सापळे टांगतात. मेलेल्या खजुराचं खोड मला आयतं मिळू शकतं, पण मी घेत नाही. किडकं झाड एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणं म्हणजे भुंग्याला गाडी करून देणं. तुम्ही शेजारच्या वाडीतला कीड लागलेला माड जागीच फोडून जाळायला लावला होता, ते मला आठवतं.

आता कामाबद्दल. तुमच्या पेटीतल्या हत्यारांतलं लाकूड तासायचं वाकस तेवढं माझ्याकडे नाही. दोन सपाट पटाश्या, तीन गोल, एक तिकोनी तोंडाची, आणि लाकडी मोगरी. ओंडका उभा करून मध्यावर खडूने रेघ मारते. मग आडव्या दोन रेघा. वरच्या भागात शिरोभूषण, मधल्यात डोळे आणि नाक, खालच्यात तोंड आणि हनुवटी. नाक सगळ्यात पुढे येणार, म्हणून त्याला हात न लावता दोन्ही बाजूंचं लाकूड आधी उतरवायचं. तंतू उभे असल्यामुळे आडवा छेद आधी द्यायचा, नाहीतर उभी पटाशी मारली की ढलपी नको तिथपर्यंत सोलत जाते. नाकपुडीच्या खाली हा आडवा छेद बसतो तेव्हा मोगरीचा आवाज बदलतो, टणक होता तो बसका होतो. तिथेच थांबायचं. पुढे मऊ भाग लागणार हे हाताला आधी कळतं. मला या क्षणासारखं दुसरं काही आवडत नाही. आठवडाभर ऑफिसात स्क्रीनसमोर जे काही करते त्यातलं हाताला काहीच कळत नाही.

धार लावायला तुम्ही शिकवलंत तेच अजून करते. दगडावर पाणी, कोन न बदलता, वरचा बूर चामड्यावर काढायचा. ताडाच्या तंतूंना बोथट पटाशी चालत नाही, ती कापत नाही, उपटते.

आई, तुझ्या काळजीचं. तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असतो, कारण ताडाचा भुसा घशात टोचतो. जुन्या घरांच्या पाडकामातलं रेडवूडही मी घेते. तांबूस, हलकं, कोरायला फार गोड लाकूड आहे. पण विजेचे जुने खांब, रेल्वेचे स्लीपर, धक्क्याचे खांब यांना हात लावत नाही. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून पाजलेलं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं. हिरवट झाक असलेल्या जुन्या फळ्याही नाही. २००३ अखेरपर्यंत इथे घरगुती लाकडाला आर्सेनिकचं मिश्रण पाजत असत. शेवटी जवसाचं तेल लावते आणि तेलाची फडकी बोळा करून कधीच टाकत नाही, उघड्यावर पसरून वाळवते, कारण ती आपोआप पेट घेतात.

आता तुझा खरा प्रश्न, की हे देव कुणाचे आणि आपण का करायचे.

पॅसिफिक महासागरात हवाई, ताहिती, मार्केसास, न्यूझीलंड अशी दूर दूर बेटं आहेत. तिथले लोक होड्यांतून हजारो मैल जाऊन वसले. जाताना बरोबर रोपं नेली, त्यांत नीरफणस होता. त्यांनी देवांच्या आणि पूर्वजांच्या मूर्ती दगडात आणि लाकडात केल्या. मार्केसासमधल्या हिवा ओआ बेटावर पुआमाऊला माणसाहून उंच दगडी मूर्ती अजून उभी आहे: मोठे वाटोळे डोळे, रुंद तोंड, हात पोटावर. हवाईत देवळाच्या मूर्तीसाठी ओहिआचं झाड रानातून आणायचं तर आधी विधी करत. मूर्ती केवळ कोरून होत नसे, तिच्यात देव यावा लागे. हे तुला परकं वाटणार नाही.

हवाईतल्या बहुतेक मूर्ती राहिल्या नाहीत. १८१९ साली पहिला कामेहामेहा राजा वारला. तिथे कापू म्हणून कडक सोवळं होतं. बायकांनी पुरुषांच्या पंगतीत जेवायचं नाही, डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी खायची नाहीत. नव्या राजाने आपल्या आईच्या आणि काआहुमानू राणीच्या आग्रहाने सगळ्यांदेखत बायकांबरोबर जेवून ते मोडलं, आणि मग देवळं पाडायला आणि मूर्ती जाळायला सांगितलं. मिशनरी पोचले ते त्यानंतर, १८२० मध्ये. पंगत मोडली याचा मला आनंदच आहे. मूर्ती जळाल्या त्याचं वाईट वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही.

कू या हवाईतल्या देवाच्या देवळांतल्या मोठ्या मूर्तींपैकी तीनच जगात उरल्या आहेत. एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये, एक अमेरिकेतल्या सेलमला, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. २०१० साली तिन्ही होनोलुलूत एकत्र आणल्या होत्या. लंडनची मूर्ती अडीच मीटरहून उंच आहे. गुडघे किंचित वाकवलेले, हनुवटी पुढे, तोंड इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं आडवं उघडलेलं. आणि लाकूड कशाचं, तर नीरफणसाचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. आपल्या अरवलीच्या वेतोबाची जुनी मूर्ती फणसाची होती. फणस आणि नीरफणस एकाच वंशातले. उंचापुरा, उभा, गावाची राखण करणारा देव, आणि तोही फणसाच्या घराण्यातल्या लाकडाचा.

मग कॅलिफोर्नियात हे चेहरे आले कसे? १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन बीच नावाच्या माणसाने दक्षिण समुद्राच्या सजावटीचा बार काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधून परतलेले सैनिक, मग १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, आणि जिकडेतिकडे तशी हॉटेलं निघाली. त्यांना लागणाऱ्या मूर्ती कोरणारं एक दुकान व्हिटियर गावात १९५६ पासून २०२१ पर्यंत चाललं, ओशनिक आर्ट्स नावाचं. तिथले कारागीर कसलेले होते, त्यांच्या कामापुढे मी मान झुकवते. पण ज्यांचे देव, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पूर्वजाच्या आकाराचा पेला करून त्यातून रम प्यायची, हे मला आवडत नाही. कितीही जणांनी मजा म्हणून घ्या म्हटलं तरी आवडत नाही.

आपल्या वेतोबाची तशी मूर्ती करून कुणी परमुलखात दारूच्या गुत्त्यावर उभी केली तर तू काय म्हणशील, हे मी आधी स्वतःला विचारलं. आणि मग हेही विचारलं, की एखाद्या परक्या माणसाने वेतोबा बघितला, त्याच्या उभं राहण्याने तो भारावला, घरी जाऊन स्वतः लाकूड कोरायला लागला, आणि हे मी अरवलीत शिकलो असं सांगत राहिला, तर? तर तू त्याला बसवून चहा दिला असतास आणि वेतोबाला केळ्यांचा घड आणि चपला का वाहतात ते सांगितलं असतंस. मी ती दुसरी व्यक्ती व्हायचा प्रयत्न करते.

म्हणून कूची किंवा कुठल्याही देवाची नक्कल मी करत नाही. माओरी लोकांच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाच्या रेषाही कोरत नाही, कारण त्या ज्याच्या-त्याच्या वंशाच्या असतात. त्यांची कोरणी शिकवणारी शाळा न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला आहे, तो वारसा त्यांचा त्यांनी चालवलेला आहे. मी घेते ती ठेवण: मोठे डोळे, रुंद तोंड, वाकलेले गुडघे, पोटावर हात. चेहरा माझ्या मनातला असतो. येणाऱ्या प्रत्येकाला हे कुठून शिकले ते सांगते. विकत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी घरच्या बारसाठी मागितला, त्यांना नाही म्हटलं आणि मनात काही ठेवलं नाही. हवाई बेटावर होनाउनाउला समुद्राकाठी जुन्या मूर्तींवरून केलेल्या लाकडी मूर्ती उभ्या आहेत. तिथे मी चपला बाहेर काढून उभी राहिले होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

एवढं सगळं करूनही तुला हे पटलं नाही, आई, तर तसं सांग. तू नाही म्हणालीस तर मी कोरणं सोडणार नाही, पण चेहरे सोडून मासे आणि पक्षी कोरेन. लाकूड तेच, पटाशी तीच. तुझा शब्द मला मोठा आहे.

बाबा, एक काम आहे. विहिरीजवळचा नीरफणस वादळात पडल्याचं तुम्ही म्हणालात. त्याचा बुंधा सरपणाला देऊ नका. माझ्या हाताच्या लांबीचे दोन तुकडे करून घ्या, कापलेल्या दोन्ही तोंडांना जुना ऑइल पेंट जाड लावा, म्हणजे टोकांकडून लवकर सुकून चिरा पडणार नाहीत. मांगरात दोन विटांवर ठेवा, ऊन आणि वाळवी दोन्हींपासून लांब. साल असू दे. डिसेंबरात येते तेव्हा बघू. वेतोबाची मूर्ती फणसाची, म्हणून आपल्याकडे फणसाचं लाकूड घरात वापरत नाहीत. नीरफणसाला तो नियम लागतो की नाही, हे आई, तू देवळात जाशील तेव्हा विचारून ठेव. नको म्हणाले तर तुकडे राहू देत तिथेच.

गोळ्या वेळेवर घ्या. माडावर चढायला गडी बोलवा, बाबा, स्वतः शिडी लावू नका.

तुमची,
सुमा