आत्याला खरे कारण सांगा

पुणे, 20 फेब्रुवारी 2022

तीर्थरूप आई आणि बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा गळा दाटून येतो, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि मी "बरं, ठेवते" म्हणून मोकळी होते. म्हणून या वेळी पत्र लिहायचे ठरवले. पत्रात मध्येच कुणाला बोलता येत नाही, आणि बाबांना लेखी मजकूर दोनदा वाचायची सवय आहे, याचा मी सरळसरळ फायदा घेत आहे.

आत्याच्या धाकट्याच्या लग्नाला मी आले नाही. आईने सगळ्यांना सांगितले की मला सुट्टी मिळाली नाही. आत्याचा त्यावर विश्वास बसणे शक्यच नव्हते, कारण मी दोन वर्षे घरूनच काम करते हे तिला चांगले ठाऊक आहे. परवा तिचा फोन आला तेव्हा बाकी काही न विचारता "पुण्याला गेलं की माणसं मोठी होतात" एवढेच म्हणून तिने फोन ठेवला. मला तिचा राग आला नाही. तिला खरे कारण कुणी सांगितलेलेच नाही, तर तिने दुसरे काय समजावे?

खरे कारण तुम्हाला माहीत आहे, पण ते सलग असे आपण कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशींवर उठते. माझ्या बाबतीत तिने सांध्यांबरोबर मूत्रपिंडे धरली. ती यंत्रणा आवरून ठेवण्यासाठी मी रोज मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि थोडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेते. आजार आवरला जातो, पण जंतूंशी लढण्याची ताकदही त्याबरोबर कमी होते. लशीचेही तेच. लस टोचली तरी तिला उत्तर म्हणून शरीरात ज्या अँटिबॉडी तयार व्हायच्या, त्या मायकोफेनोलेट घेणाऱ्यांमध्ये पुष्कळदा कमी तयार होतात. माझा आजार त्या वेळी शांत होता, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही डोसांनंतर आठवडाभर ती गोळी थांबवायला सांगितली होती. त्याने फरक पडला असेल, पण किती पडला याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

त्यात वयाचा हिशेब आला. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना आणि 45 ते 59 वयाच्या, ठरावीक आजार असलेल्यांना लस मिळू लागली. तुम्ही दोघांनी ती घेतली आणि मला हायसे वाटले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचा त्या आजारांच्या यादीत समावेश होता, पण पंचेचाळिशीच्या आतल्यांना ती यादी लागू नव्हती. अठरा वर्षांपुढच्यांसाठी 1 मे उजाडला, आणि त्यानंतर तुटवड्यामुळे आपल्या राज्यात आमच्या वयोगटाचे लसीकरण थांबले, ते जूनमध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे दुसरी लाट सगळ्यात जोरात होती तेव्हा माझ्या अंगात एकही डोस नव्हता. आता 10 जानेवारीपासून तिसरा डोस निघाला आहे, तोही आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीपुढचे आजारी यांच्यासाठी. अमेरिकेत माझ्यासारख्यांना तो गेल्या ऑगस्टपासून मिळतो आहे. बाबांना मधुमेहामुळे आणि आईला रक्तदाबामुळे तिसरा डोस मिळाला, हे उत्तमच झाले. पण घरात सगळ्यात कच्ची मी आहे आणि डोस सगळ्यात कमी मला आहेत, हे आत्याला कळायला हवे. बंद हॉलमध्ये शे-दीडशे माणसे मास्क उतरवून जेवायला बसणार होती. जेवताना मास्क उतरवावाच लागतो, त्यात कुणाचा दोष नाही. फक्त मला तिथे बसता येत नव्हते.

आता काढ्या-गोळ्यांविषयी. आई, तू पाठवलेल्या गुळवेलीच्या गोळ्यांची बाटली मी उघडली नाही, आणि "घेतेस ना?" या प्रश्नाला मी दर वेळी "नाही" असेच उत्तर दिले आहे. प्रतिकारशक्ती वाढवा, असे गेली दोन वर्षे प्रत्येक जाहिरात, प्रत्येक शेजारीण आणि प्रत्येक फॉरवर्ड केलेला निरोप सांगतो आहे. इतरांचे राहू दे. पण माझ्या शरीरात तीच यंत्रणा गरजेपेक्षा जास्त पेटलेली आहे. तिला आणखी चेतवणे म्हणजे भडकलेल्या चुलीत फुंकणी मारणे होईल. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गेल्या वर्षी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद एका शोधनिबंधात केली. ती इजा ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटते अशा आजारात होते तशीच दिसत होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही आणि तो वाद तज्ज्ञांचा आहे. माझ्यासारखीने मात्र त्या वादाचा निकाल स्वतःच्या यकृतावर लावून पाहू नये, एवढे मला कळते. हळदीचे दूध मी पिते. ढोल्या गणपतीला तू माझ्या नावाने दूर्वा वाहतेस, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

बाबा, तुम्हाला 2020 चा मार्च महिना आठवत असेल. माझी रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी करोनावर चालते, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगाला सांगितले, त्याच आठवड्यात आपल्याकडेही आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधक म्हणून घेण्याची शिफारस झाली, आणि बघता बघता ती दुकानांतून गायब झाली. लोकांनी घरात असाव्यात म्हणून पाकिटेच्या पाकिटे नेली. सरकारने 25 मार्चला तिची निर्यात थांबवली, दुसऱ्या दिवशी तिला एच-वन यादीत टाकले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत. पुढे जूनच्या आरंभी इंग्लंडमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीने दाखवून दिले की रुग्णालयात दाखल झालेल्या करोनाच्या रुग्णांना तिचा काहीच उपयोग होत नाही. तोपर्यंतचे दोन महिने आमच्यासारख्यांनी मोजून काढले. ही गोळी शरीरात कित्येक आठवडे टिकून राहते, चार-सहा दिवस चुकली तर लगेच काही होत नाही, असे डॉक्टरांनी समजावले होते म्हणून मी शांत राहू शकले.

त्या काळातली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर चुन्याची वर्तुळे आखली होती आणि आम्ही एकेका वर्तुळात उभे होतो. माझा नंबर आल्यावर दुकानदाराने ती लांबलचक वही पुढे ओढली, डॉक्टरांचे नाव लिहिले, माझे नाव लिहिले, आणि मास्कमधून ऐकू जावे म्हणून मोठ्या आवाजात विचारले, "करोनासाठी पाहिजे का?" मीही तेवढ्याच मोठ्याने सांगितले, "नाही, मला ल्युपस आहे. ही गोळी मी कायमची घेते." मागच्या वर्तुळात आमच्याच सोसायटीतल्या काकू होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "अगं, मग तू कशाला रांगेत उभी राहतेस, माझ्या मुलाला चिठ्ठी देत जा." दुकानदाराने एक पट्टी दिली आणि पुढची आली की बाजूला ठेवतो म्हणाला; त्याने शब्द पाळला. काकूंच्या मुलाने पुढे कितीतरी वेळा माझी औषधे आणून दारावर अडकवली.

निदान झाले तेव्हापासून आपल्या घरात या आजाराचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. स्थळे पाहण्याचे दिवस होते. गावात बोभाटा नको, असे आईला वाटले, आणि त्यात चुकीचे होते असे मी म्हणत नाही. मुलीच्या आजाराचा बाजारात काय भाव होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. बाबा माझे सगळे रिपोर्ट एका वहीत उतरवून ठेवतात: तारीख, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने, सी-थ्री, सी-फोर, सगळे रकाने पट्टीने आखलेले, वाढलेला आकडा लाल शाईने. इतकी नीट नोंद माझ्या फाइलमध्येही नाही. डॉक्टरांनी एकदा तिचे फोटो मागवून घेतले होते. त्या वहीच्या पुठ्ठ्यावर मात्र "किरकोळ खर्च" असे लिहिलेले आहे, घरी आलेल्या कुणी विचारू नये म्हणून.

एरवी हे चालून गेले असते. साथीत चालत नाही. गेल्या दिवाळीत मी चार दिवस घरी होते तेव्हा काकांकडची मंडळी फराळाला आली. त्यांतल्या एकाला सर्दी होती, "साधीच आहे" म्हणत तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी उठून वर गेले आणि वरच राहिले. खाली तुम्ही "तिचं डोकं दुखतंय" असे सांगितलेत. त्याला खरे माहीत असते तर तो आलाच नसता, किंवा निदान अंगणात बसला असता. तो काही दुष्ट माणूस नाही. न सांगितल्यामुळे त्याच्या लेखी मी शिष्ट ठरले, माझ्या लेखी तो निष्काळजी ठरला, आणि दोघांनाही उगाच वाईट वाटले. ज्याला आजार ठाऊक नाही त्याला मी मास्क लाव म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

लपवण्याचा दुसरा तोटा तुम्हालाच झाला. एप्रिल 2021 मध्ये मला ताप आला, ते दिवस तुम्ही दोघांनीच एकट्याने काढलेत. ताप करोनाचा की ल्युपसचा, हे वरून कळत नाही. थकवा, अंगदुखी दोन्हींत. रक्तातले लिम्फोसाइट दोन्हींत कमी होतात. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, जंतुसंसर्गात जास्त चढतो आणि ल्युपसच्या उठावात सहसा तितका चढत नाही, एवढाच एक धागा डॉक्टरांच्या हाती होता. प्रयोगशाळेचा मुलगा पांढऱ्या पोशाखात दारात येऊन रक्त घेऊन गेला. मी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायची, पायांना सूज आहे का हे कळावे म्हणून नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहायची, आणि सगळे डॉक्टरांना फोनवर कळवायची. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली, उठाव ल्युपसचाच निघाला, स्टिरॉइडचा डोस वाढवावा लागला. आणि नेमके पुढच्याच महिन्यात काळ्या बुरशीच्या बातम्या सुरू झाल्या. आई, तू रात्री अकराला फोन करून ती गोळी आजच बंद कर म्हणालीस. तुझी भीती खोटी नव्हती. अनियंत्रित साखर आणि भरमसाट स्टिरॉइड हे त्या बुरशीला आयते रान होते. पण जी व्यक्ती अनेक महिने ही गोळी घेते तिचे शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे जवळजवळ थांबवते, आणि मग गोळी एकाएकी तोडली तर जिवावर बेतू शकते. डोस हळूहळूच उतरवावा लागतो. हे तुला त्या रात्री समजावून सांगायला जवळ कुणीतरी हवे होते. आत्या निवृत्त परिचारिका आहे, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तिला यातले काहीच माहीत नव्हते!

म्हणून माझे मागणे एवढेच आहे की आत्याला खरे सांगा. आजाराचे नाव सांगा, मूत्रपिंडांचे सांगा, औषधांचे सांगा. माझ्या स्वतःच्या लग्नाचा मुद्दा आता माझ्या मनातून मागे पडला आहे. आणि उद्या कुणी आलेच, तर त्याला पहिल्या भेटीत मीच सांगणार आहे. "हा आजार माझ्याकडून तिला गेला का?" असे आईने एकदा बाबांना विचारलेले मी ऐकले होते. त्याचेही उत्तर लिहून ठेवते: थोडा कल आनुवंशिक असतो, पण तो असूनही बहुतेकांना आजार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांत दहापैकी नऊ बायका असतात. यात तुझे काही चुकले नाही.

पाडवा 2 एप्रिलला, शनिवारी आहे. मी शुक्रवारी संध्याकाळी निघेन, एसटीने न येता मैत्रिणीच्या गाडीने येईन. त्याआधी मार्चच्या मध्यावर माझी तपासणी आहे. आकडे आले की बाबांना लगेच पाठवते. आत्याला आणि नव्या सुनेला गुढीच्या जेवणाला बोलवा. ताटे मागच्या पडवीत मांडू, तिथे वारा असतो आणि मला ऊनही लागणार नाही. त्या दिवशी कुणाला घसादुखी असेल तर त्यांनी न येता नुसते कळवावे, हे आत्याच सगळ्यांना बजावेल; तिला अशी कामे आवडतात. आत्याशी बोलणे आईला अवघड वाटत असेल तर बाबांनी बोलावे, आणि बोलणे झाले की मला कळवावे, म्हणजे मग मी तिला फोन करून नवऱ्या-नवरीच्या साड्या-कपड्यांची मोजदाद ऐकून घेईन.

बाबा, तुमचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट अजून आलेला नाही. त्याचाही रकाना वहीत आखा.

तुमची,
माधवी