गाळ आम्ही काढतो, तो उचलून तरी न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या आळीमागच्या ओढ्यातला गाळ काढायच्या श्रमदानाचा फोटो आला त्यात पिवळी टोपी घालून घमेलं धरून उभा आहे तो मी. फोटो झकास आलाय, बायकोने कापून फ्रिजवर चिकटवलाय, पण खाली जे छापलंय की परिसर चकाचक झाला ते काही खरं नाही, आणि फोटोत मीच असल्यामुळे सांगायचं पण मलाच आलं.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान वडिलांपासूनचं. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं तेव्हा कुठवर आलं त्याची खूण वडिलांनी भिंतीवर पेन्सिलने करून ठेवली होती. २०२१ ला, २१ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना तेव्हा मी हुशारी करून सगळा माल त्या खुणेच्या वर चढवला आणि घरी गेलो, पाणी खुणेच्या हातभर वर गेलं. पाणी उतरल्यावर शटर उघडायला चौघं लागली, आत गुडघाभर चिखल आणि त्यात तांदूळ, साबण, वह्या सगळं एक झालेलं. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच माहिती. दुसऱ्या दिवशी पुण्याकडची पाच-सहा पोरं आली, आम्ही त्यांची नावं पण नीट विचारली नाहीत, तीन दिवस दुकान उपसलं त्यांनी, आणि जाताना वडिलांचा पितळी तराजू कुठून शोधून काढला देव जाणे, घासून पुसून काउंटरवर ठेवून गेली. हे सांगतोय अशासाठी की मी श्रमदानाची थट्टा करणारा माणूस नाही. आमचं गाव उभं राहिलं ते अशाच लोकांमुळे. लोटिस्माचंच घ्या, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालची लायब्ररी, दोन्ही पुरात बुडाली आणि लोकांच्या जिवावर परत उघडली.

नदीतला गाळ काढा म्हणून पण लोकांनाच बसायला लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण चाललं होतं, दुकान बंद करून आम्ही आळीपाळीने मांडवात जायचो. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीत पोकलेन उतरले, नाम फाउंडेशन पण आलं मदतीला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, वर सह्याद्रीत मुसळधार पाऊस, कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणातून येऊन आमच्याच नदीला मिळतं आणि खाली गोवळकोटच्या खाडीला नेमकी भरती असली की पाण्याने जायचं कुठे, ते बाजारपेठेत येतं. त्यात नदीचं पात्र गाळाने भरलेलं. आणि वर आम्हाला पूररेषेत, निळ्या नाहीतर लाल, टाकून ठेवलंय, घर दुरुस्त करायचं तरी डोक्याला ताप.

पण मोठ्या नदीचं सगळे बोलतात. आमच्या आळीच्या मागून एक पऱ्या, म्हणजे ओढा, जातो, शिवनदीला मिळतो, त्याला कोण विचारतो? पहिलं पाणी घरात शिरतं ते नदीचं नाही, या पऱ्याचं. म्हणून आम्ही दहा-बाराजण, त्यात एक रिटायर बँकवाले काका, दोन रिक्षावाले, एक दातांचे डॉक्टर (फावडं सगळ्यात चांगलं तेच मारतात) आणि कॉलेजची पोरं, दरवर्षी एप्रिल-मे मध्ये रविवारी सकाळी उतरतो. प्लास्टिक, शहाळ्याची टरफलं, फुटलेल्या कुंड्या, एकदा तर अख्खी गादी निघाली.

आता खरी गोष्ट. काढलेला गाळ आम्ही कडेला रचतो. तो उचलायला ट्रॅक्टर पाठवतो म्हणून शब्द दिला जातो, कोणी दिला ते लिहीत नाही, गाव छोटं आहे आणि उद्या त्यांच्याच दारात जायचंय. गेल्या वर्षी चार फोन केले, दोनदा जाऊन आलो, "उद्या नक्की" आणि "ड्रायव्हर लग्नाला गेलाय" असं ऐकून आलो. मग वळवाचा पाऊस झाला एका संध्याकाळी, अर्ध्या तासाचा, आणि पाच रविवारचा आमचा गाळ डोळ्यासमोर परत पऱ्यात. काका छत्री धरून बघत उभे होते, एवढंच म्हणाले, "चला, आता परत पहिल्यापासून." त्यानंतर कॉलेजच्या पोरांपैकी निम्मी आली नाहीत आणि मी त्यांना बोल लावत नाही.

लोक पैसे मागत नाहीयेत, टी-शर्ट नको, सर्टिफिकेट नको, उद्घाटनाला नारळ पण आमचाच. ज्या रविवारी काम त्याच्या सोमवारी एक ट्रॅक्टर, आणि तो कोणाला फोन केला की येणार त्या माणसाचं नाव, बास. झाडं लावायला, भिंती रंगवायला स्पॉन्सर मिळतो कारण त्याचा फोटो येतो, गाळ उचलण्याचा फोटो चांगला येत नाही ही खरी अडचण आहे. तुमच्या फोटोग्राफरला पण माझी विनंती, पुढच्या वेळी रविवारी येऊ नका, बुधवारी या आणि तो ढीग तिथेच आहे का गेला ते छापा.

येत्या रविवारी सकाळी सातला पऱ्यावरच्या साकवाजवळ (छोट्या पुलाजवळ) जमतोय. ज्यांना यायचंय त्यांनी फावडं घरून आणा, आमच्याकडे चारच आहेत आणि त्यातल्या एकाचा दांडा हलतो.

आपला,
एक दुकानदार, बाजारपेठ, चिपळूण